शेवटपर्यंत ऐकणाऱ्या इंदूअक्का

रेडिओवरच्या बातम्या संपल्या की जगातली सगळी माणसं बटण बंद करतात. इंदूअक्का करत नसत. बातम्या संपल्याचं निवेदक सांगे, मग थोडी खरखर होई, पुढच्या कार्यक्रमाची धून लागे, तेव्हा कुठं त्यांचा हात बटणाकडे जाई. लग्नाला गेल्या तर मांडववाला खुर्च्या उचलायला लागेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. "रेडिओवाला बापडा बोलतोय अन् आपण उठायचं? शोभतं का?" असं म्हणायच्या. यशवंतपूरच्या आमच्या गल्लीत त्यांच्यासमोरून अर्धवट बोलून सटकायची कुणाची छाती नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नोकरीसाठी पुण्याहून बंगलोरला आले आणि त्यांच्या माडीवर भाड्यानं राहू लागले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडं गेलेलं. "स्वल्प थांब, कॉफी घालून देते," हे त्यांचं कानडी वळणाचं पहिलं वाक्य ऐकून मला हसू आलं, आणि ते त्यांनी पाहिलं. "तुम्ही पुणेवाले मराठी असं बोलता, जसं काही आम्हीच ते तुमच्याकडून भाड्यानं घेतलंय," त्या म्हणाल्या. कॉफी मात्र पेलाभरून दिली. त्यानंतर मी त्यांच्या मराठीला हसले नाही आणि त्यांची कॉफी कधी नाकारली नाही.

त्यांच्या घरी एकादशीला भजन असे. समई लावली की आरतीपर्यंत कुणी उठायचं नाही, हा तिथला कायदा. पाहुण्यांच्या पायाला मुंग्या येत, पण अक्कांची नजर दारावर असे. एकदा मी हळूच सरकायला लागले, तर टाळ वाजवता वाजवताच त्यांनी माझा पदर धरला. मग कळलं की हा कायदा त्यांनी स्वतःच केलाय, आणि त्यामागचं दुःखही त्यांचंच आहे.

त्यांच्या आईनं, म्हणजे अम्मांनी, शेवटचं भजन केलं तेव्हा अक्का स्वयंपाकघरात प्रसादाचा शिरा करत होत्या. सांगतेचं पद पणजोबांनी रचलेलं, ते पूर्ण फक्त अम्मांना यायचं. अक्का बाहेर आल्या तेव्हा आरती चालू होती. पुढची एकादशी यायच्या आत अम्मा गेल्या. त्या दिवशी अक्कांच्या काकांनी भजन टेपवर घेतलं होतं, पण फितीची ती चाकं काकांच्या मुलांकडे अडकून पडली. "अम्माचा सूर त्या दिवशी सुटला होता, नुसत्या ओरडत होत्या," असं नातेवाईक सांगत राहिले. अक्कांना ते लागायचं. "माझ्या अम्माचा सूर सुटायचा नाही. एकदा माझ्या कानानं ऐकते, मग बोलते," एवढंच त्या म्हणत.

अखेर चाकं मिळाली, ती म्हातारी होऊन. वाजवायला घेतली की फितीवरून तपकिरी भुकटी झडायची. अक्कांच्या भावाचा मुलगा रघू इंजिनिअर. त्यानं एकेक चाक कसंबसं वाजवून आवाज कॉम्प्युटरमध्ये घेतला. तेवढ्या वाजवण्यातच फितीचे तुकडे पडले. अक्कांनी ते सगळे केळीच्या पानात बांधले, वर फूल ठेवलं आणि येलहंक्याच्या तळ्यात सोडून आल्या. जीर्ण पोथी आपण पाण्यात सोडतो, तसंच त्यांनी केलं. आता अम्मांचा आवाज उरला तो फक्त त्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर, आणि डिस्कही मधूनमधून दात वाजवल्यासारखा आवाज करायची.

रघूनं प्रत्येक चाकाची वेगळी फाईल केली होती. अक्का म्हणाल्या, "भजन मधे तोडायचं नाही. एकच कर." अमेरिकेला जायच्या घाईत त्यानं सगळ्या फाईली एकामागे एक चिकटवून दिल्या, सुट्या पुसून टाकल्या आणि कॉम्प्युटर माझ्या हवाली करून विमान गाठलं. डिस्क दगा द्यायच्या आत सगळं सीडीवर उतरवायचं होतं, पण ती अजस्र फाईल एका सीडीवर मावणार नव्हती. मी सुचवलं, "अक्का, मधली बोलणी, खोकले काढून टाकू. फक्त पदं ठेवू."

"बेडा! नको म्हणजे नको. खोकला कुणाचा आहे ठाऊक आहे? काकांचा. तू कोण त्यांना घराबाहेर काढणारी?"

मग एकच मार्ग उरला. आवाजातलं काहीही न गाळता फाईल घट्ट बांधणारा एक प्रोग्राम होता. पुन्हा उलगडली की जशीच्या तशी. हे अक्कांना फार पटलं, कारण त्यांच्या रेशमी साड्या त्या तशाच ठेवत. मी प्रोग्राम लावला. पहिल्यांदा डिस्कवर जागा संपली. जागा केली, तर करंट गेला. तिसऱ्या खेपेला पडद्यावर काम यशस्वी झाल्याचं झळकलं आणि फाईल इतकी लहान झाली की मी खूष झाले. मोठी फाईल आता पुसून टाकते म्हटलं.

"सरी, बरं, पण आधी शेवटपर्यंत ऐकू."

मी कपाळाला हात लावला. ऐकायला बसलो, तर पहिलं चाक संपलं आणि पुढं काहीच नाही. अक्का खरखरीची वाट पाहत बसल्या. खरखरही आली नाही. "अय्यो, गेली का गं अम्मा?" असं त्यांनी विचारलं, तशी मी घाईघाईनं मोठी फाईल तपासली.

मोठी फाईल मात्र आकारानं तेवढीच होती, म्हणजे आवाज आत असणार. दोन-तीन संध्याकाळी डोकं खाजवल्यावर उमगलं. अशा प्रत्येक फाईलच्या तोंडाशी तिची लांबी लिहिलेली असते. चिकटवलेल्या फाईलच्या तोंडाशी पहिल्या चाकाचीच लांबी होती. प्रोग्रामनं ती वाचली, तेवढंच बांधलं आणि हात झटकले. अक्कांना समजावलं तर म्हणाल्या, "म्हणजे पहिली पंगत वाढली अन् उरलेली माणसं मांडवात तशीच बसवून आचारी घरी गेला!" इतक्या धास्तीतही आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग मी ते सगळे जोड शोधून तुकडे वेगळे केले, नीट सांधले, तोंडाशी खरी लांबी येऊ दिली आणि प्रोग्राम पुन्हा लावला. डिस्क कुरकुरत होती. अक्का तिच्याशेजारी जप करत बसल्या होत्या.

रविवारी दुपारी ऐकायला बसलो. अक्कांनी समई लावली, त्यामुळे मलाही उठायची सोय उरली नाही. पदामागून पद झालं, काका यथेच्छ खोकले. ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं. मग टाळ थांबले आणि एका बाईमाणसाचा थकलेला आवाज आला, "इंदू कुठं आहे?"

अक्का ताठ झाल्या.

"आत आहे, शिरा हलवते. बोलवू का?" असं काकांनी विचारलं.

"नको, करपेल. मधलं दार उघडा. तिथनंच ऐकेल ती. मी स्वल्प मोठ्यानं म्हणते."

आणि अम्मांनी सांगतेचं पद उचललं. त्या वयात, त्या छातीत नव्हता तो आवाज त्यांनी काढला. पट्टी चढत गेली, वरच्या जागी आवाज चिरला, तरी त्या खाली उतरल्या नाहीत. अख्खं पद तसंच म्हटलं, स्वयंपाकघरापर्यंत पोचवायचं म्हणून. मला रडू आवरेना.

अक्का रडल्या नाहीत. आरती झाली, माणसं उठल्याचे आवाज झाले, खरखर झाली आणि तीही थांबली. मग स्पीकरवर हात ठेवून, लहान मुलीनं आईला कारण सांगावं तशा त्या म्हणाल्या, "पंपाचा स्टो भरभरत होता गं अम्मा. काहीच ऐकू आलं नाही."