चहापुरतं पाणी

माझ्या धाकट्या बहिणीचे दात पांढरे आहेत ते आमच्या गल्लीतल्या चाचीमुळे. हे आधीच लिहून ठेवते. पुढे जे येणार आहे त्यात कडूच जास्त आहे, आणि कडू लिहिताना चाचीचं राहून जाईल अशी मला भीती वाटते. मला बऱ्याच गोष्टींची भीती वाटते, त्यातली ही एक. चाची नात्यातली नव्हे. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या चाचाची बायको, म्हणून सगळ्या गल्लीची चाची. तिच्या अंगणात एक जुनी, उथळ विहीर होती.

माझे दात तपकिरी आहेत. वरच्या दातांवर आडव्या रेघा, मधल्या दोन्हींवर डाग. पुण्यात साड्यांच्या दुकानात मी काउंटरला उभी असते. नवीन होते तेव्हा एका बाईंनी पदर बघता बघता विचारलं, "मिश्री लावतेस का गं?" म्हटलं, "नाही मॅडम, आमच्याकडचं पाणीच तसं आहे." त्या सोबतच्या बाईकडे बघून हसल्या. "पाण्यानं दात काळे होतात होय! ऐकावं ते नवलच." त्या गेल्यावर मालक म्हणाले, "ओठ मिटून हसत जा. गिऱ्हाइकानं साडीकडं बघायला पाहिजे." तेव्हापासून मी ओठ मिटून हसते. फोटोत लोकांना मी गंभीर वाटते.

आमचं गाव दिग्रस आणि आर्णीच्या मधलं. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याच्याखाली काळा पाषाण. पाऊस पडतो, चिखल करतो आणि नाल्यानं निघून जातो. खाली फार थोडं मुरतं. जुन्या विहिरी त्या मुरलेल्या पाण्यावर चालायच्या आणि उन्हाळा लागला की तळ दाखवायच्या. शिवाय विहिरीच्या पाण्यानं नारू होतो हे आमच्या आजोबांच्या पिढीला इतक्यांदा सांगितलं गेलं होतं, की गावात बोअर झाली तेव्हा लोकांनी नारळ फोडला. बोअरचं पाणी काचेसारखं स्वच्छ. त्यात पानं नाहीत, बेडूक नाहीत. मायनं मला अगदी विश्वासानं त्या पाण्यावर वाढवलं. ज्यांची ऐपत कमी ते विहिरीचं पितात, आपण बोअरचं पितो, असंही थोडं होतं.

फक्त त्या पाण्याचा चहा चांगला होत नसे. काळपट यायचा, तोंडात सोड्यासारखी चव राहायची. भात शिजवला तर पिवळा दिसायचा. म्हणून गल्लीत एक पद्धत पडली होती. घरी पाहुणा आला की पोरीला तांब्या देऊन चाचीकडे पाठवायचं, चहापुरतं गोडं पाणी आणायला. घरच्यांनी बोअरचं प्यायचं, पाहुण्याला विहिरीचं. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

मी तांब्या घेऊन फाटकात दिसले की चाची ओट्यावरूनच ओरडायची, "काहून वं पोरी, कोन आलं?"

"मामा आला."

"खाली हातानं आला का काही आनलं?"

"केळं आनले."

"मंग दोन तांबे घेऊन जाय. केळंवाल्याले चहा दोनदा पाजा लागते."

विहिरीच्या बाजूला पत्र्याखाली चाचाचं काम चालायचं. बोअरमधून काढलेल्या मोटारी तिथे ओळीनं पडलेल्या असत, आणि चाचा तांब्याची तार गुंडाळत बसलेला. गावभरच्या बोअरांच्या मोटारी त्याच्याकडे यायच्या. त्याच्या घरी पाणी मात्र विहिरीचं.

मग कापसाची वाईट वर्षं लागली. बाबा दिग्रसला जिनिंगवर हंगामी कामाला होते. जिनिंग लवकर बंद व्हायला लागली, तसे ते काम शोधत दूरदूर जायला लागले. माय दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. त्याच सुमारास माझी बहीण, लहानी, झाली. विजेची लाइन कधी येईल याचा नेम नव्हता. आली की बोअरची मोटार चालू, टाकीच्या नळाला रांग. घरी कुणीतरी असायलाच हवं होतं. मी नववीत होते. शाळा शेजारच्या गावाला, आणि पावसाळ्यात सायकलच्या चाकात काळी माती अशी भरायची की सायकलच उचलून न्यावी लागे. माय म्हणाली, "या साली राहू दे. पुढच्या साली पाहू." पुढच्या सालीही तिनं तेच म्हटलं. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

मायचं दूध लवकर आटलं. लहानीला गाईचं दूध पाणी घालून द्यायचं, तर ती थुंकून टाकायची. वाटी बदलली, साखर घातली, सगळं करून झालं. एक दिवस ती माझ्या कडेवर रडत असताना चाचीनं तिला पाहिलं. म्हणाली, "दे इकडं." विहिरीचं पाणी उकळून दुधात घातलं आणि चमच्यानं पाजलं. लहानी प्यायली.

"पाह्य," चाची म्हणाली. "हे चिमणी पाहुणीच समजते स्वतःले. रोज एक गुंड पानी घेऊन जात जाय हिच्यासाठी."

चाचीला पाण्याबद्दल काही ठाऊक होतं असं नाही. पोरगी पीत नाही, आपल्याकडचं पिते, एवढंच. तेव्हापासून रोज सकाळी मी पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन त्या फाटकातून येऊ लागले. समोरच्या काकूंना ते दिसायचंच.

"रोज त्यायच्या इथून पानी?" त्या मायला म्हणाल्या. "आपल्या बोअरले काय कीडा लागला?"

"पोरगी थुकते," माय म्हणाली. "तुमी येऊन पाजा तिले बोअरचं. मी काही म्हनत नाही."

काकू आल्या नाहीत.

त्या वर्षांत बोअरच्या गाड्या गावात फार फिरल्या. कापसाला पाणी दिलं तर पीक दुप्पट येईल, असं सगळे एकमेकांना सांगत. गाडी वावरात उभी राहिली की आधी काळी माती उडायची, मग मुरमाची तांबूस, मग पाषाणाची पांढरी धूळ. त्या धुळीवरून लोक खोली ओळखायचे. कुणाला पाणी लागलं, कुणाला नाही. भाव दोघांनाही सारखाच मिळाला, म्हणजे मिळाला नाही. चाचाच्या पत्र्याखाली मोटारी वाढल्या आणि मागे विहिरीतलं पाणी दरवर्षी थोडं थोडं खाली गेलं. दोर लांब करताना चाची म्हणायची, "तुमच्याच मोटारी पिऊन राह्यल्या माहं पानी." चाचा मान वर न करता म्हणायचा, "तेच मोटारी तुले जेवाले घालून राह्यल्या." दोघांचंही खरं होतं.

लहानी अंगणात धावायला लागली होती तेव्हा तालुक्याहून माणसं आली. त्यांनी शाळेत पोरांची तोंडं उघडून पाहिली, बाटल्यांत पाणी भरून नेलं. पुढच्या खेपेला आले ते रंगाचा डबा घेऊन. बोअरच्या टाकीला आणि हापशीला लाल रंग मारला. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्यानं पोरांचे दात जातात, पुढे हाडंही धरतात, असं त्यांनी सांगितलं. "हे पाणी प्यायचं नाही. भांडी घासा, कपडे धुवा."

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग प्याचं काय, साहेब?"

"ते आमच्याकडं येत नाही," साहेब म्हणाले. "आम्ही फक्त तपासतो."

मग त्यांनी आणखी सांगितलं, की लहान लेकरांना जपा. दुधाचे दात पडून दुसरे येतात, ते कसे येतील हे आत्ताच्या पाण्यावर आहे. ज्यांचे आलेत त्यांचं आता काही होत नाही. मी गर्दीत उभी होते, लहानी कडेवर. मी तोंड मिटून घेतलं. माझं काही होणार नव्हतं, ते तिथेच संपलं. पण लहानीचं अजून ठरायचं होतं, आणि ते चाचीच्या विहिरीवर ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली तिथे. उन्हाळा तोंडावर, विहिरीत पाणी जेमतेम. कुणी म्हणे मी आधी आलो, कुणी म्हणे आमची माणसं जास्त. काकूही गुंड घेऊन आल्या, सुनेच्या आड उभ्या राहिल्या. चाचीनं त्यांना बरोबर पाहिलं.

"या या, बाई. आमच्या पान्याले तर कीडा नाही ना लागला?"

सगळे हसले. काकू वळून जायला लागल्या तर चाचीनं हात धरून थांबवलं. "अवो, मजाक केली. तुमचा नातू केवढा आहे? दूध पिते ना अजून? मंग तुमचा गुंड पयला." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ज्याच्या घरी लहान लेकरू त्याले आधी. मोठ्यायनं बोअरचं प्या. तुमचे दात तर गेलेच."

चाचीच्या मुलांना हे पसंत नव्हतं. फाटकाला कुलूप लावा, असं ते म्हणत. मी ओट्याजवळून ऐकलं आहे. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. विहीर त्यांची होती आणि ती आटत होती. चाची म्हणाली, "लावा. चाबी माह्यापाशी द्या." कुलूप लागलं. किल्ली तिच्या कमरेला. आम्ही गेलो की ती उघडायची.

मे महिन्यात एका दुपारी मी गेले तर ऊन असं होतं की फाटकाची कडी पदरानं धरावी लागली. घसा सुकला होता. चाचीच्या सुनेनं माठातलं पाणी दिलं. एक घोट घेतला आणि थांबले. ती चव मी जन्मापासून ओळखते. बोअरचं पाणी होतं. मी माठाकडे पाहिलं, मग चाचीकडे.

"चूप," चाची म्हणाली. "तोंड वाकडं नोको करू. मले काय आता नवरी व्हाचं आहे?"

त्या उन्हाळ्यात तिनं घरच्या मोठ्या माणसांना बोअरवर टाकलं होतं. स्वतःला सगळ्यांत आधी. मी गुंड भरून घेतला आणि निघाले. ठेवून येता आला असता का? घरी लहानी होती. मी घेऊनच निघाले.

लहानीचे दुसरे दात आले तेव्हा मी पुण्याला निघायच्या तयारीत होते. पुढचे दोन अर्धे बाहेर आलेले. चाचीनं तिला विहिरीजवळ उन्हात उभं केलं. "दाखव, चिमणे." लहानीनं तोंड उघडलं. चाचीनं बोटानं ओठ वर केला, खूप वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ज्वारीचे दाने." मग माझ्याकडे पाहून, "आता हिले सांग, हसत जाय म्हना." आणि कमरेवर हात ठेवून हळूहळू उठली. तेव्हा वाटलं, वय झालं.

आता लहानी फोनवर सांगते. चाचीची मान वळत नाही. कुणी हाक मारली तर अख्खी फिरते. गुडघे वाकत नाहीत, खुर्चीवर बसून नमाज पढते. हे त्या पाण्यानं झालं की म्हातारपणानं, ते कुणी तपासलेलं नाही. तपासायला आलेल्यांनी दात पाहिले होते, म्हाताऱ्यांचे गुडघे पाहिले नव्हते. विहीर आटली, वर जाळी टाकली आहे. टाकीचा लाल रंग उन्हानं उडाला, पुन्हा कुणी मारला नाही. टँकर आला तर आला, नाहीतर चाची आजही बोअरचंच पाणी पिते. इथे मी राहते त्या सोसायटीच्या खाली सकाळी नळीनं गाड्या धुतात. मी बघत बघत कामाला जाते. बोलत नाही. बोलायला तोंड उघडावं लागतं.

आमच्या दुकानासमोर पाणी साफ करायच्या मशिनी विकतात. त्यातून फ्लोराइड निघतं का, हे मी दुकानदाराला इतक्यांदा विचारलं आहे की मला पाहिलं की तोच म्हणतो, "निघतं, ताई, निघतं." अजून घेता आलेली नाही. लहानीचा अवेळी फोन आला की चाचीचं काही झालं का, हेच आधी मनात येतं.

चाची, हे तुला कुणीतरी वाचून दाखवेल. ती मशीन घेऊन मी येणार आहे. तुझ्या ओट्यावर बसवीन, आणि लाइन नसेल त्या दिवशी जिथून गोडं पाणी मिळेल तिथून डोक्यावर आणीन. तुझा माठ मी भरीन. त्या पाण्याचा पहिला चहा मी करीन, आणि पाहुणी तू असशील. तोवर थांब.