उलटी वाहणारी नदी

बाबा भूगोलाचे मास्तर, तेही नागपूरचे. म्हणजे समुद्राशी काडीचा संबंध नाही. निवृत्त झाल्यावर आईला घेऊन ते माझ्याकडे अमेरिकेत, अल्फारेटाला आले आणि आल्या आल्या मलाच आमचं जॉर्जिया राज्य शिकवायला लागले. वर डोंगर, मग ही लाल माती, मग सपाटी, मग दलदल आणि समुद्र. आपल्या घराजवळची नदी मात्र त्या समुद्राला मिळतच नाही, ती खाली मेक्सिकोच्या आखातात जाते. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून हो हो करायचो. मार्चमध्ये हार्ट अटॅक आला आणि ते इथंच गेले.

मला रडू आलं नाही. फोन केले, सह्या केल्या, ऑफिसला मेल टाकला. इथं अस्थींची पूड करून प्लॅस्टिकच्या डब्यात देतात. आईनं झाकण उघडून विचारलं, यात अस्थी कुठायत? मी म्हटलं, हेच. तिनं ती पूड तांब्यात काढून घेतली. जवळच्या नदीत सोडायला ती तयार नव्हती. समुद्र सगळा एकच, तिथं सोडलं की ते कुठंही जाऊ शकतात. परक्या मुलखात त्यांना अडकवून मी जाणार नाही, म्हणाली.

मग काय, निघालो. चार-पाच तास नुसती पाइनची झाडं. आई मांडीवर तांब्या घट्ट धरून बसलेली. किनाऱ्यावर पोहणाऱ्यांची ही गर्दी, म्हणून अलीकडे नदीच्या मुखाशी एक लाकडी धक्का होता तिथं थांबलो. दोन्हीकडे उंच गवताची दलदल, पलीकडे समुद्र दिसत होता. म्हटलं, इथंच सोडू, नदी नेईल. नदी समुद्राकडेच जाणार, आम्हा नागपूरकरांना दुसरं काय माहीत!

सोडलं. आणि फुलं, तुळस, सगळं समुद्राकडे पाठ करून आत, जमिनीकडे निघालं. भरती चालू होती. हे आधी सांगू शकणारा आमच्यातला एकुलता एक माणूस पाण्यात होता. स्वतःच्या अकलेची चीड आली, पण तीही धड येईना. शेजारी गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, दुपारनंतर पाणी फिरेल, मग सगळं बाहेर जाईल.

आईला म्हटलं, चल, जाईल आपोआप. ती फळ्यांवर मांडी घालून बसली.

"फिरू दे. मी बघूनच उठेन."

उन्हं कलली तेव्हा पाण्यावरचा कचरा आधी थबकला, मग हळूहळू समुद्राकडे सरकायला लागला. आईनं हात जोडले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"आता माझं तिकीट काढ. मी घरी जाते."

मी बरं म्हटलं. आणि तिथंच, त्या परक्या म्हाताऱ्यासमोर, मला हुंदके आवरेनात. आई घरात होती तोवर बाबाही आतल्या खोलीत आहेत, असंच मी धरून चाललो होतो.