रावणाला गुदगुल्या

मी पहिलाच फटकारा मारला आणि रावण खुदकन हसला.

भुवईची काळी रेघ कपाळावरून वाकडीतिकडी होत थेट कानाकडे निघाली. खुर्चीत ताठ बसलेले आबा ओशाळले. म्हणाले, "पुसी टाक भाऊ. आते नई हासस."

मी जळगावात फेस पेंटिंग करतो. वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग, सोसायटीचा आनंदमेळा. गालावर फुलपाखरू नाहीतर अख्ख्या तोंडाचा वाघ. माझी गिऱ्हाइकं साधारण सहा वर्षांची असतात आणि मधेच 'शू आली' म्हणून पळतात. आबा सत्तरीच्या पुढचे. धरणगावजवळच्या त्यांच्या गावात जत्रेला रामायणातली सोंगं निघतात आणि त्यात रावण आबांचाच. त्यांना रंगवणारे नाना यंदा मुलाकडे सुरतेला राहायला गेले, म्हणून आबांचा पुतण्या प्रकाश मला घेऊन आला. सोबत त्यानं बाजारातून प्लॅस्टिकचा मुखवटाही आणला होता. "स्टँडबाय," म्हणाला. माझ्यावर त्याचा किती विश्वास होता ते तिथंच कळलं.

आबांनी मुखवट्याकडे एकदाच पाहिलं. "हाऊ तोंडवर? मंग रावण तूच व्हय. मी घर बसस. येन्या भुवया हालतस का?"

म्हणजे चेहरा रंगला तर आबा मैदानात, नाहीतर घरी. आणि चेहरा माझ्या हातात.

आता ब्रशचं थोडं सांगतो. चेहऱ्याचे रंग साबणासारख्या वड्यांमध्ये येतात. ओल्या स्पंजनं खालचा रंग द्यायचा आणि टोकदार गोल ब्रशनं वर रेघा काढायच्या. ब्रश दोन जातींचे. खऱ्या केसांचा मऊ असतो, पण पाणी पितो आणि आडवा पडतो. नायलॉनच्या ब्रशला स्प्रिंग असते. दाबला की वाकतो, सोडला की उभा. रेघेला हा दुसराच बरा. हे मी इतरांना शिकवतो. तरीही गेल्या महिन्यात खारीच्या केसांचा एक ब्रश पाहून माझी मती फिरली. घरी आणून तो कौतुकानं बायकोच्या, सुनंदाच्या गालावर फिरवला. ती हसली. ते हसू मी सर्टिफिकेट समजलो. आबांसारख्या मोठ्या कलावंताला भारीतलाच ब्रश हवा, म्हणून नेमका तोच घेऊन आलो होतो.

रेघ पुसली. दुसरा फटकारा. आबा पुन्हा हसले. हसताना डोळ्यांत आलेल्या पाण्यानं लाल बेस ओला होऊन गालावर ओघळला. स्पंजनं तो सावरला.

"आबा, श्वास रोखून धरा."

त्यांनी धरला. खुर्चीचे हात घट्ट पकडले, डोळे मिटले. ब्रश टेकला तसा तो श्वास एकदम फुटला आणि माझा चष्मा लाल ठिपक्यांनी भरला.

प्रकाशनं घड्याळ पाहिलं. "भाऊ, राहू द्या आता. संबळवाले येऊन थांबलेत. मी मुखवटा लावतो."

"चूप बस," आबा म्हणाले. मग तोंडातल्या तोंडात सीतेला दम द्यायला लागले, चेहरा कडक राहावा म्हणून. तरी ओठ थरथरतच होता. अख्ख्या मैदानाला दरडावणारा माणूस खारीच्या चार केसांपुढे हरत होता.

तेवढ्यात त्यांनी ब्रश फिरला होता ती कानाजवळची जागा तळहातानं कचाकचा चोळली. आणि शांत झाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हलक्या स्पर्शानं गुदगुल्या होतात, दाबून केलेल्या स्पर्शानं नाही. पोरं खिदळतात, त्यांच्या आया फोटो काढतात, त्यामुळे हसू मी इतकी वर्षं कामाचाच भाग धरून चाललो होतो.

मी वाघाचे पट्टे काढायचा नायलॉनचा आखूड ब्रश काढला. ओला केला, हाताच्या पाठीवर दाबून सोडला. टुणकन उभा राहिला. डावा तळवा आबांच्या जबड्यावर घट्ट ठेवला, अंगठ्यानं सुरकुत्या ताणल्या.

"आबा, जरा दाबून धरतो हं."

"धर. पोयाले बैलना शिंगं रंगाडतस ना, तसं रंगाड."

"बैल तरी मान हलवतो," प्रकाश म्हणाला.

आबांनी नाही हलवली. एका दमात एक भुवई. दुसऱ्या दमात दुसरी. रेघा सरळ, टोकं तलवारीसारखी. मी मनात ब्रशची पाठ थोपटणार, तेवढ्यात माझी नजर खाली गेली. आबांच्या पायांचे अंगठे खुर्चीखाली थुईथुई नाचत होते. गुदगुल्या कमी झाल्या होत्या, थांबल्या नव्हत्या. म्हातारबुवांनी सगळं हसू पायांत नेऊन ठेवलं होतं आणि वर चेहरा दगडाचा. पंधरा वर्षांत इतका पक्का माणूस माझ्या खुर्चीत बसलेला नाही.

संबळ वाजला. आबा मैदानात आले. फक्त डावी भुवई उचलली, सावकाश. पुढच्या रांगेतली पोरं मागे सरकली. एका बाईचा भेळेचा घास तोंडाजवळच थांबला. ती रेघ मी काढली होती, आणि तरी मीसुद्धा एक पाऊल मागे झालो. शेजारी प्रकाश मुखवटा काखेत धरून टाळ्या वाजवत होता. मुखवटा कडकन मोडला. त्याला पत्ताही लागला नाही.

तात्पर्य, ब्रश दुकानात कितीही शोभला तरी त्याची परीक्षा समोरच्याच्या गालावर होते.

घरी येऊन सुनंदाला सगळं रंगवून सांगितलं. अंगठेसुद्धा नाचवून दाखवले. तिनं शांतपणे ताट वाढलं.

"मी हसले होते तेव्हाही गुदगुल्याच झाल्या होत्या," ती म्हणाली. "पण तुम्हाला ते पटायला रावण लागतो."