तुमच्या देवासाठी

सिडनीपासून दोन तासांवर एक गाव आहे, अगदी इंग्लंडमधून उचलून आणल्यासारखं. दगडी चर्च, घरोघरी गुलाब. सिडनीतल्या आमच्या वेंटवर्थव्हिलहून आम्ही दर सीझनला तिथे फोटो काढायला जातो.

पहिल्या स्प्रिंगला केसांत माळायला मी एका कुंपणावरचा गुलाब तोडला, तर समोर घरमालकीण उभी. सत्तरीची, पायांत चिखलाचे गमबूट, हातात कात्री. नवरा पटकन म्हणाला, "सॉरी, आमच्या देवासाठी हवा होता." मीही मान डोलावली.

ती रागावली नाही. उलट आणखी गुलाब कापून, एकेक काटा अंगठ्याने मोडून तिने माझ्या ओंजळीत दिले. कोपऱ्यावर वळताच ते माझ्या आणि लेकीच्या केसांत गेले. फोटो मस्त आले.

समरमध्ये तिने हायड्रेंजिया दिले, ऑटममध्ये शेवंती. तेव्हा म्हणाली, "देवाचं फूल आधी हुंगायचं नसतं ना? मी वाचलं. आता तुमची फुलं मी लांब धरूनच कापते."

परवा, ऐन थंडीत, बागेत काहीच नव्हतं. तरी ती कमेलियाचं एकच फूल घेऊन आली, कडा करपलेलं. "एवढंच उरलंय. चालेल ना त्याला?"

या वेळी फोटो काढलेच नाहीत.

आमच्या घरात देव्हारा नाही. फ्रिजवर गणपतीचं मॅग्नेट आहे, पिझ्झाचं कूपन अडकवायला. कूपन काढून मी त्या गणपतीखाली, जमिनीवर एका वाटीत ते फूल ठेवलं. लेकीने येऊन ते उचललं आणि नाकाशी नेलं.

"हुंगू नकोस!" मी एवढ्या जोरात ओरडले, की नवरा आतून धावत आला.