घागरीवरचा हात

गाडीचा आवाज आला की ती घागरीच्या तोंडावर हात ठेवायची. पालथा, पाचही बोटं पसरून. मी गाडी थांबवून काच खाली करायच्या आतच म्हणायची, "फुडं चाल."

तुम्ही दुष्काळातल्या बायका फोटोत पाहिल्या असतील. फोटोत त्या बिचाऱ्या दिसतात. ही बिचारी नव्हती. उंच, काळी, हाडापेराची, आणि माणसाकडे बघायची ती नुकसान करायला आलेलं ढोर बघावं तशी. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला तिची भीती वाटायची, रागही यायचा. तरी परंडा-सोनारी रस्ता आठवला की आधी तिचा तो हात आठवतो.

मी कोकणातला. आठवीत शाळा सुटली. ट्रकवर क्लिनर होतो, मग लायसन काढलं, आणि एका भल्या माणसाने शब्द टाकून मला परंड्याकडे एका सहकारी संस्थेच्या चेअरमनसाहेबांच्या गाडीवर लावलं. त्याचे उपकार मी अजून मानतो. नोकरी गेली असती तर घरी परतून पुन्हा काकांच्या दारात जेवायला बसावं लागलं असतं. त्या विचाराने मला रात्री झोप लागत नसे.

ऐंशीच्या दशकातला तो दुष्काळ. साहेबांची गाडी नव्या धर्तीची, छोटी, पांढरी. जुन्या जीपचा पंखा पट्ट्यावर फिरायचा, हिच्या पंख्याला विजेची मोटर होती. रेडिएटरचं पाणी तापलं की पंखा आपोआप सुरू व्हायचा. समोर एक काटा होता. खाली असला की थंड, मध्यावर असला की ठीक, वर लाल रेघेला टेकला की इंजिन धोक्यात.

उन्हाळ्याच्या तोंडी ती मोटर जळाली. बार्शीला दुसरी बसवून आणली आणि तेव्हापासून माझी साडेसाती सुरू झाली. सोनारीच्या रस्त्यावर एक लांब चढण आहे. ती चढताना काटा लाल रेघेकडे सरकायचा, आणि गाडी थांबवावी लागायची ती नेमकी माथ्यावरच्या त्या बाईच्या वस्तीसमोर. मिस्त्रीने रेडिएटर धुतला, झाकण बदललं, नळ्या बदलल्या. जो येईल तो बॉनेट उघडून विचारायचा, "पंखा फिरतोय ना?" पंखा फिरत होता. म्हणजे दोष ड्रायव्हरचा. साहेब म्हणाले, "आणखी एकदा गाडी तापली तर तू तुझ्या कोकणात."

वस्तीच्या तोंडाशी निळा झेंडा आणि रस्त्याला लागून विहीर. वरच्या गावाच्या विहिरीवर यांच्या आजे-पणज्यांना कधी पाणी भरू दिलं नाही, म्हणून वस्तीने स्वतः खणलेली. तळाला साचेल तेवढं वाटीवाटीने घागरीत भरायचं आणि घरटी वाटून द्यायचं. ती वाटणी हिच्याकडे होती. तिच्यापुढे कुणाचं चालत नसे.

पहिल्यांदा मी म्हणालो, "मावशी, तांब्याभर पाणी द्या."

"म्या तुजी मावशी कदी झाले?"

"गाडी तापलीय हो."

"तापू दे. आमी बी तापलोय." मग मला वरपासून खालपर्यंत बघून, "कुठला तू?"

"कोकणातला."

"तिकडं पाऊस लई पडतो म्हनं."

"हो."

"मग तिकडंच तापीव की गाडी."

तिचं भांडण माझ्याशी नव्हतं, पण गाडीत मीच असायचो. संस्थेचा टँकर याच रस्त्याने वरच्या गावाला जायचा आणि वस्तीकडे न बघता निघून जायचा. "तुमच्या टँकराचं चाक हिकडं वळत न्हाय," ती म्हणायची, "आन ही पांढरी बया बरी माज्याच दारात येऊन बसती."

एकदा मी म्हणालो की मी साधा नोकर आहे, टँकर माझ्या हातात नाही. ती म्हणाली, "पानी मागायला बरा हात हाय." मी काच वर केली. तिच्याशी बोलणं म्हणजे निवडुंगाला पाठ घासणं.

आणि मग एके दिवशी दुपारी साहेब मागे बसलेले असताना काटा चढला. परंड्याला त्यांची बैठक होती. सोनारीहून परत येतानाही तीच चढण दुसऱ्या अंगाने चढावी लागते. मी काट्यावरची नजर हलवली नव्हती, म्हणून पाणी उकळायच्या आत गाडी थांबवली. इंजिन बंद केलं, चावी चालू ठेवली, पंखा फिरत राहिला.

साहेब उतरले. "बाई, एक घागर द्या. संध्याकाळी दोन पाठवतो."

तिने हात उचलला नाही. "सांजच्याला तुमी कुठं, आमी कुठं. आता टँकर यील. तुमी सोता त्याला वस्तीत वळवा, मग घागर न्या."

"बघू."

"बगा. तवर बसा की सावलीत. सावली हाय कुठं, त्ये बी बगा."

वस्तीतली माणसं घागरी घेऊन जमली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, घाम पुसला, आणि कडुलिंबाच्या खराट्यासारख्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. ते टँकरची वाट बघायला तयार झाले होते. मला म्हणाले, "परंड्याला पोचलो की किल्ली ऑफिसात ठेव आणि हिशोब घे."

मी स्टिअरिंगवर येऊन बसलो. ती मात्र निवांत. गाडीच्या तोंडासमोर बसून राखेने भांडं घासायला लागली होती. एकदम ओरडली, "ए डायवर, बंद कर त्ये. समदी राख माज्या डोळ्यांत."

मी चावीकडे हात नेला.

"इंजान बंद, तरी त्वांडावर फुकतंय मेलं. रोजचंच हाय हिचं."

हात चावीवरच थांबला. पंख्याने पुढची हवा रेडिएटरमधून आत ओढायची असते. राख गाडीकडे यायला हवी होती, तिच्या डोळ्यांत नव्हे. मी साहेबांचं वर्तमानपत्र घेऊन गाडीच्या जाळीपुढे धरलं. ते फडफडत बाहेर उडालं. पंखा फिरत होता, पण उलटा. गाडी पुढे जाताना समोरून येणाऱ्या वाऱ्यालाच तो अडवत होता. बार्शीच्या माणसाने मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या, आणि आम्ही सगळे नुसतं त्याचं फिरणं बघत होतो.

चिकटपट्टी सोडली, वायरींची अदलाबदल केली. वर्तमानपत्र जाऊन जाळीला चिकटलं. इंजिन सुरू केलं. काटा हळूहळू उतरायला लागला. माझे डोळे भरून आले, ते राखेने नव्हे.

साहेब झटकन येऊन मागे बसले. "घे गाडी. पाणी नको आता."

मी समोर पाहिलं. साहेब आता टँकरसाठी थांबणार नाहीत, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. तिने घागर उचलली, गाडीपुढे रस्त्याच्या मधोमध ठेवली, हात पालथा घातला आणि खाली बसली. टँकर अजून आला नव्हता.

"हॉर्न दे."

दिला. ती हलली नाही.

"शेतातून काढ बाजूनं."

शेत मोकळं होतं, गाडी सहज निघाली असती. काटा मध्यावर येऊन स्थिर झाला होता. तो फक्त मला दिसत होता.

"साहेब," मी म्हणालो, "काटा अजून उतरायचाय. आत्ता नेली तर इंजिन जाईल."

"पंखा नीट झाला ना?"

"झाला. पण काटा उतरायचाय."

साहेबांनी मला शिवी दिली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी काट्याकडे बघत तेच सांगितलं. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. काच खाली होती, आमचं बोलणं तिला ऐकू जात असावं, पण तिने मान वर केली नाही.

शेवटी टँकर आला, आणि रस्ता अडलेला बघून थांबला. साहेब काचेतून ओरडले, "आधी हिच्या वस्तीत रिकामा कर. आणि हिला उठव इथनं."

ती उठली. माझ्या बाजूने जाताना म्हणाली, "काड गाडी. वाट अडीवली हायस."

किल्ली साहेबांनी परत मागितली नाही. टँकर त्यानंतर कधी वस्तीत वळायचा, कधी नाही. नाही वळला की ती घागर घेऊन रस्त्यात बसायची, असं ऐकलं.

सुट्टीवरून परतताना मी घरचा एक असोला नारळ आणला. गाडी आता तिथे तापत नव्हती, तरी थांबवली. तिने हात घागरीवर ठेवला, दुसऱ्या हाताने नारळ घेतला, कानाशी धरून हलवला.

"किती पानी आसतं ह्यात?"

"पेलाभर."

"येवढंच?" तिने तो मागे ठेवून दिला.

मी गाडी सुरू केली. तेव्हा ती पहिल्यांदा उठून खिडकीशी आली आणि वाकून आत बघायला लागली.

"ह्योच का त्यो काटा?"

"हो."

"त्या दिशी कुठं व्हता?"

मी मध्यावर बोट ठेवलं. तिने बोटाकडे पाहिलं, लाल रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फुडं चाल," ती म्हणाली, आणि जाऊन घागरीवर हात ठेवून बसली.