सुनेच्या कयाकला माझी उलांडी

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो आणि मला पोहता येत होतं. यातली दुसरी गोष्ट उपयोगी पडली.

आमचं घर गोव्यात केरीला, तेरेखोल नदीच्या काठावर. शाळा तिसरीपर्यंत (पुढे मास्तर आणि मी, दोघांनीही एकमेकांचा नाद सोडला), पण होडीच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द माझा. असा माझा समज! सून मंजिरी पर्यटकांसाठी कयाक घेणार होती. विकणाऱ्यानं नमुन्याला दोन धाडल्या. एक पिवळी, रुंद, सपाट बुडाची, जेवणाच्या पाटासारखी. दुसरी लाल, लांब, निमुळती, खाली बुडाला मधोमध धार. कुठल्या घ्यायच्या ते त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचं होतं. त्यात मंजिरीचे वडील, आमचे व्याही यशवंतबाब, मुळगावहून आलेले. जन्मभर खाणीवर ट्रक चालवलेला माणूस. त्यांच्यादेखत माझी पारख चुकणं शक्यच नव्हतं.

"होडी पारखायला शास्त्र लागत नाही," मी म्हणालो. "चहाचा कोप लागतो."

काठच्या संथ पाण्यात पिवळीवर भरलेला कोप ठेवला, वर चढून उभा राहिलो, डावीकडे झुललो, उजवीकडे झुललो. थेंब सांडला नाही! मग लाल. मी एक पाय ठेवायचा अवकाश, कोप नदीत! (कोप आमच्या हिच्या माहेरचा होता. ते नंतर ऐकलं. पुष्कळ ऐकलं.)

"झालं. पिवळी!" मी निकाल दिला.

"बाबा, गिऱ्हाईक काय हिच्यावर चहा प्यायला येणार?" मंजिरी म्हणाली. "नदीच्या मुखाजवळ, समुद्राच्या लाटेत नेऊन बघा."

नेली. पिवळी लाटेवर पोट आपटत निघाली, थाप! थाप! नाक मी समुद्राकडे करावं, तिनं ते गावाकडे वळवावं. आडवी लाट आली की लाट कलेल तेवढी तीही कलायची, बसलेल्या माणसाला न विचारता. मी भिजून चिंब परतलो.

"कशी काय?" यशवंतबाबांनी विचारलं.

"होडी उत्तम. आज पाणी वाईट."

मंजिरी लाल घेऊन त्याच वाईट पाण्यात शिरली. आधी जरा डुगडुगली. मग लाट आली तशी एका कुशीवर कलली आणि तिथंच टेकून राहिली, पडेचना! सुतात गेली, सुतात आली. पोरीचे केससुद्धा कोरडे.

"लाल चांगली दिसता," यशवंतबाब म्हणाले.

आता माझं डोकं फिरलं. "चांगली कसली? डुगडुगते, कारण हिला उलांडी नाही!" उलांडी म्हणजे आमच्या होड्यांच्या एका अंगाला दोन बांबूंवर बांधलेला ओंडका. त्याच्या आधारानं माझा बाप, आजा, सगळे तरले.

"बाबा, हिला ती लागत नाही. कंबर सैल सोडली की सावरते आपोआप."

"माझ्या कमरेचं तू मला सांगू नकोस!"

"सुनेचा आयका जरा," आमची ही काठावरून म्हणाली. मी बायकोचंच कधी ऐकलं नाही, तर सुनेचं कुठून ऐकणार?

पांगाऱ्याचा सुका, हलका ओंडका शोधला. यशवंतबाबांनी ट्रकवर ताडपत्री आवळावी तशा गाठी आवळल्या. उलांडी डाव्या अंगाला. बसलो, कयाक डोंगरासारखी निश्चल! "बघा!" म्हणून मी वल्हं मारलं.

कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. उजवं पातं पाण्यात पडलं, डावं पडलं बांबूवर. ठाक्! पुन्हा उजवं, पुन्हा ठाक्! म्हणून नुसतं उजवीकडे मारू लागलो, तर कयाक डावीकडे गोल. एक फेरा झाला. दुसरा झाला.

"पांडूबाब, ही सरळ जाता की नुसती फिरता?" यशवंतबाबांनी मला काठावरून विचारलं.

"वळण घेतोय!"

"मगे रिव्हर्स मारा, रिव्हर्स!"

तिसऱ्या फेऱ्याला मी उजवीकडे अंग टाकून असं जोरदार वल्हं हाणलं की कुत्र्यानं खांबापाशी पाय वर करावा, तशी उलांडी सावकाश वर उठली. काठावरून आमच्या हिचा आवाज आला, "अवो, लुंगी सांभाळा! बाकी बुडला तरी चलात!"

मी लुंगी सांभाळली. बाकी बुडलं.

पाण्याखाली डोळे उघडले, तर वर ऊन, आणि उन्हाच्या मधोमध ती लाल कयाक, माझं ओझं उतरताच पुन्हा सरळ झालेली. काय सुबक बूड होतं हो! मंजिरीनं दंडाला धरून वर काढलं तेव्हा खोकता खोकता मला एवढंच म्हणता आलं, "गाठी ढिल्या होत्या." यशवंतबाबांनी तिथल्या तिथं प्रत्येक गाठ ओढून दाखवली, एकही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विकणारा आला. मंजिरी तोंड उघडणार, एवढ्यात मी पुढे झालो आणि ठणकावून सांगितलं, "सगळ्या लाल द्या. बूड मी स्वतः तपासलंय. खालून!"