मागचं इंजिन सुटेपर्यंत

नर्सिंग शिकायला पुण्याला निघाले, त्या दिवशी मी खिडकीत बसून मुसमुसत होते आणि आई फलाटावर निवांत उभी. “आत्ताच का रडतीस गं? मागचं इंजिन तरी सुटू दे,” म्हणाली. आमच्या कॅसलरॉकची रीतच ती. गोव्याकडनं घाट चढताना गाडीला मागनं इंजिनं रेटत आणतात, ती आमच्या स्टेशनात सोडायची. तोवर गाडी हलत नाही. त्यामुळं निरोप कसा सावकाश! आधी चहा, मग डबा, मग सगळ्यांची चौकशी, आणि इंजिन सुटलं की रडायचं. माझे वडील, आप्पा, पाइंटमन, इंजिन सोडणारे तेच. त्या दिवशी त्यांनी जरा जास्तच वेळ लावला, असं मला अजून वाटतं.

गावच मुळी रुळांनी आणलं, बघा. नाहीतर जोयड्याच्या त्या रानात कोण मरायला आलं असतं? पलीकडं पोर्तुगीजांचा गोवा, म्हणून इथं सामानाची झडती. त्यासाठी साहेब आले, क्वार्टर्स आल्या, शाळा आली, खानापूर-बेळगावकडचे दुकानदार आले. गोवा मोकळा झाला, झडती संपली, आणि एकेक दार बंद व्हायला लागलं. पोरं त्याच गाडीनं निघून गेली. मीही गेलेच की.

आप्पा वारल्यावर आईला पुण्याला आणलं. यायलाच तयार नव्हती. “हितं गाडी थांबतीया न्हवं? मग मी एकटी कशी?” म्हणायची. पुण्यात फ्लॅट, लिफ्ट आणि माझ्या शिफ्ट. नातवाच्या जिवावर राहिली बिचारी. तो नोकरीला दिल्लीला निघाला, तेव्हा हट्टानं स्टेशनवर आली. पिशवीत त्याच्यासाठी फणसपोळी. “जेवतोस कुठं? अंथरूण घेतलंस न्हवं?” चौकशी चालूच, पिशवी हातातच. मी ओरडले, “आई, दे की लवकर!” “थांब गं, इंजिन सुटू दे,” म्हणेस्तोवर गाडी हललीसुद्धा. म्हातारी पिशवी घेऊन डब्यामागं धावली, मग बाकावर बसली. “त्याला धड बघितलंबी न्हाई गं.”

परत बघणं नशिबात नव्हतं. पुढं ती आजारी पडली, आणि तो दिल्लीहून पोचायच्या आत गेली.

गावात राहिलेल्यांनो, इथं सगळे मला म्हणतात, गावचं घर विकून टाक, आता तुझं कोण आहे तिथं? माझं कुणी नाही, खरंय. पण मी गाव सोडून जातानासुद्धा त्या गावानं मला पोटभर रडू दिलं. इथं माझी आई गेली, आणि रडू पुरतं आवरायच्या आत मी ड्युटीवर होते, दुसऱ्या कुणाच्या तरी आईला सलाइन लावत.